'कोणी'चं इंग्रजी करताना: एनीवन, समवन, नो वन आणि एव्हरीवन चुकू नये म्हणून

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य वरचेवर दिसतं: 'एनीवन इज हॅविंग प्लंबर्स नंबर?' ऑफिसच्या मेलमध्ये येतं, 'एनीवन डिड नॉट रिप्लाय टू मी.' सहलीच्या सूचनेत असतं, 'एव्हरीवन आर रिक्वेस्टेड टू ब्रिंग ओन टिफिन.' तिन्ही वाक्यं आपल्याला लगेच कळतात, कारण ती मुळात मराठी आहेत, फक्त शब्द इंग्रजी घातलेत. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र तिन्ही ठिकाणी ठेच लागते.

मी मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवते. ज्यांना शब्द येतात, स्पेलिंग येतं, काळही बऱ्यापैकी येतात, अशी माणसं नेमकी इथे अडतात. 'एनीवन म्हणजे कोणीही' असं पाठ केलेलं असतं आणि तो शब्द वाक्यात नेऊन बसवला की काम झालं असं वाटतं. पण मराठीत 'कोणी' हा शब्द एकटा फार थोडं सांगतो. खरा अर्थ त्याच्यामागून येणारे चिमुकले शब्द ठरवतात: तरी, ही, च, का, ना, नाही. त्यातले बरेचसे वाक्याच्या अगदी शेवटी येतात. इंग्रजीत तेवढी वाट पाहता येत नाही. तोंडातून पहिला शब्द बाहेर पडायच्या आधी ठरलेलं असावं लागतं की वाक्य नकाराचं आहे, प्रश्नाचं आहे की साधं विधान आहे. म्हणून शब्द निवडण्याआधी खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. टप्पा २ आणि ३ यांची अदलाबदल केली तरी घोळ होतो.

## तयारी

आधी मराठी वाक्य कागदावर लिहा, आणि बोलता तसंच लिहा. पुस्तकी करू नका. 'कुणीही उपस्थित नव्हते' असं लिहिण्यापेक्षा 'कोणीच आलं नव्हतं' हे जास्त कामाचं, कारण त्यातला 'च' तुम्हाला पुढे मदत करणार आहे.

मग दोन खुणा करा. 'कोणी' आणि त्याला चिकटलेलं शेपूट (तरी, ही, च, ला, चा, कडे, वर) यांच्याखाली रेघ ओढा. वाक्यात नाही, नव्हतं, नये, नको, नका, न यापैकी काही असेल तर त्याला गोल करा. ही दोन मिनिटं वाचवायला गेलात तर पुढचं सगळं अंदाजाने होईल. पंधरावीस वाक्यं अशी केली की खुणा मनातल्या मनात होऊ लागतात, पण सुरुवात कागदावरच करा.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. 'वन'वाले शब्द आणि 'बडी'वाले शब्द, म्हणजे एनीवन आणि एनीबडी, समवन आणि समबडी, यांत अर्थाचा फरक नाही. 'बडी' बोलण्यात थोडं जास्त चालतं, 'वन' लिखाणात. एका मेलमध्ये एकच जात ठेवा म्हणजे झालं.

## टप्पा १: माणसं दोनच आहेत का?

हा टप्पा दहा सेकंदांचा आहे, पण तो राहिला तर पुढचं सगळं बरोबर करूनही वाक्य चुकतं. मराठीत 'दोघांपैकी कोणीही चालेल' म्हणताना आपण तोच 'कोणी' वापरतो. इंग्रजीत दोनच माणसं असतील तर एनीवन किंवा नो वन बसत नाही. 'दोघांपैकी कोणीही' म्हणजे 'आयदर ऑफ देम'. 'दोघांपैकी कोणीच आलं नाही' म्हणजे 'नायदर ऑफ देम केम'. नवरा-बायको, आई-वडील, दोन उमेदवार, दोन भाऊ असा विषय असेल तर इथेच थांबा. तीन किंवा जास्त माणसं असतील, किंवा किती ते माहीतच नसेल, तर पुढे चला.

## टप्पा २: नकार शोधा

निम्म्याहून जास्त चुका इथल्या असतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

मराठीत नकार शेवटी येतो. 'कोणी माझ्या मेलला उत्तर दिलं नाही': 'कोणी' पहिला, 'नाही' शेवटचा, आणि वाचणारा शेवटपर्यंत थांबतो. इंग्रजीत मुख्य वाक्याचा नकार एनीवनच्या आधी यावा लागतो. एनीवन आधी आणि नॉट मागून, असं चालत नाही. म्हणून 'एनीवन डिड नॉट रिप्लाय' हे चूक. त्या जागी 'नो वन रिप्लाइड'. नकार पहिल्याच शब्दात भरला, त्यामुळे क्रियापद होकारार्थी झालं. ते होकारार्थी करताना मराठी माणसाचा हात अडखळतो, कारण मराठीत 'नाही' तर समोर दिसतंय. तरी करा. 'येत नाही' असेल तर 'नो वन कम्स', 'आलं नाही' असेल तर 'नो वन केम', 'येणार नाही' असेल तर 'नो वन विल कम'.

आता प्रश्न असा की नकार नो वनमध्ये कधी भरायचा आणि 'डिडन्ट… एनीवन' असा कधी विभागायचा. इंग्रजी वाक्य कोणापासून सुरू होणार ते बघा. ते 'मी', 'ती', 'आम्ही' असं कोणा ठरलेल्या माणसापासून सुरू होणार असेल, तर नकार क्रियापदाला द्या आणि मागे एनीवन ठेवा: 'मी कोणालाच सांगितलं नाही' म्हणजे 'आय डिडन्ट टेल एनीवन'. वाक्याची सुरुवातच 'कोणी'पासून होणार असेल, तर नो वन.

हे सोपं वाटतं, पण मराठीत एक खड्डा आहे. आपल्याकडे जाणणारा, आवडणारा, वेळ असणारा माणूस 'ला' किंवा 'कडे' लावून येतो. इंग्रजीत तोच माणूस वाक्याचा कर्ता होतो. त्यामुळे 'कोणाला' दिसलं की एनीवन, असं ठरवलंत तर फसाल.

'कोणालाच माहीत नाही' म्हणजे 'नो वन नोज'.
'कोणालाच वेळ नाही' म्हणजे 'नो वन हॅज टाइम'.
'कोणाकडे सुट्टे नाहीत' म्हणजे 'नो वन हॅज चेंज'.
'कोणाला आवडलं नाही' म्हणजे 'नो वन लाइक्ड इट'.

आणि ही जोडी शेजारी शेजारी लिहून ठेवा. 'माझा कोणावरच विश्वास नाही' म्हणजे 'आय डोन्ट ट्रस्ट एनीवन'. 'माझ्यावर कोणाचाच विश्वास नाही' म्हणजे 'नो वन ट्रस्ट्स मी'. मराठीत फरक दोन प्रत्ययांचा आहे, इंग्रजीत सगळं वाक्य उलटतं. विश्वास ठेवणारा कोण, हे विचारल्याशिवाय पेन उचलू नका.

सावधान: 'कोणीही' दोन तोंडांचा आहे. 'कोणीही आत येऊ शकतं' म्हणजे 'एनीवन कॅन कम इन'. 'कोणीही आत येऊ नये' म्हणजे 'नो वन शुड कम इन'. शब्द तोच, पण दुसऱ्या वाक्यात शेवटी 'नये' आहे. 'कोणीही म्हणजे एनीवन' हे पाठांतर इथे उलटतं. गोल केलेला शब्द बघितल्याशिवाय 'कोणीही'चं भाषांतर करायचंच नाही.

सावधान: नकार एकदाच. 'कोणीच काहीच बोललं नाही' या वाक्यात आपण 'च' दोनदा लावतो, 'नाही' एकदा लावतो, आणि ते मराठीत सुरेख वाटतं. प्रमाण इंग्रजीत एका वाक्यात नकार एकच: 'नो वन सेड एनीथिंग'. 'नो वन डिडन्ट से नथिंग' असं लिहिलंत तर वाचणारा नकार मोजत बसेल. पहिल्या जागी 'नो', पुढच्या सगळ्या जागी 'एनी', हा नियम कितीही लांब वाक्याला पुरतो. 'कोणी कोणाचं नसतं' याचंही तसंच: 'नो वन बिलॉन्ग्ज टू एनीवन'. पहिला कोणी नो वन झाला, दुसरा एनीवन.

काही वाक्यांत नकार लपलेला असतो. तिथे 'नाही' दिसत नाही, पण एनीवनच लागतो. 'कोणाला न सांगता गेला' म्हणजे 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन'. 'जेमतेम दोघंतिघं आले, म्हणजे जवळजवळ कोणी नाहीच' हे सांगायला 'हार्डली एनीवन केम'. 'कोणी यायच्या आत आवरून घे' म्हणजे 'क्लीन अप बिफोर एनीवन कम्स'. 'त्याने कोणालाही भेटायला नकार दिला' म्हणजे 'ही रिफ्यूज्ड टू मीट एनीवन'. विदाउट, हार्डली, नेव्हर, बिफोर, रिफ्यूज हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे आले की नॉट घालायचं नाही, आणि मागे एनीवन ठेवायचा.

'सगळे आले नाहीत' हे वाक्य मराठीतही दुटप्पी आहे. काही आले, काही राहिले, असं म्हणायचंय की एकही आला नाही असं? इंग्रजीत 'एव्हरीवन डिडन्ट कम' लिहून ते दुटप्पीपण तसंच नेऊ नका. पहिला अर्थ असेल तर 'नॉट एव्हरीवन केम', दुसरा असेल तर 'नो वन केम'.

एका शब्दाच्या उत्तरातही चूक होते. 'दारात कोण आहे?' याला 'कोणी नाही' असं उत्तर द्यायचं तर 'नो वन' म्हणा. नुसतं 'एनीवन' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला प्रश्नच ऐकू येतो.

तपासा: वाक्य लिहून झालं की एनीवनवर बोट ठेवा. मुख्य वाक्याचा नकार बोटाच्या डाव्या बाजूला आहे का? उजव्या बाजूला असेल तर वाक्य मोडून नो वनने सुरू करा. या नियमाला एक सूट आहे, ती टप्पा ४ मध्ये येईल.

## टप्पा ३: प्रश्न असेल तर 'का' आणि 'ना' यांकडे बघा

शिकवता शिकवता माझ्या लक्षात आलेली ही खूण आहे, आणि ती क्वचितच धोका देते. मराठी प्रश्नाच्या शेवटी 'का' असेल, म्हणजे विचारणाऱ्याला काहीच अंदाज नसेल, तर एनीवन. 'ना' असेल, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर हो असेल असं वाटतंय, तर समवन.

'कोणाचा फोन आला होता का?' हे बाहेरून घरी आल्यावर विचारतो. 'डिड एनीवन कॉल?' 'कोणाचातरी फोन आला होता ना?' हे आतल्या खोलीतून घंटी ऐकल्यावर विचारतो. 'डिड समवन कॉल?' शाळेत 'प्रश्नात नेहमी एनी' असं शिकवलेलं असतं. तो नियम अर्धाच आहे. समवन घातलेला प्रश्न चूक नसतो, त्यातली अपेक्षा वेगळी असते.

याच कारणाने मदत मागताना समवन बरा. 'तुमच्याकडून कोणीतरी मला फोन करेल का?' इथे शेवटी 'का' आहे खरा, पण 'तरी' आधीच येऊन बसलाय, म्हणून 'कुड समवन फ्रॉम युअर टीम कॉल मी?' तिथे एनीवन घातलात तर 'तुमच्यात कोणी आहे तरी का' असा सूर लागू शकतो. ग्राहक सेवेला किंवा वरिष्ठांना लिहिताना हे जपा. 'का' आणि 'तरी' एकत्र आले तर 'तरी'चं ऐका.

आता वाक्यातला क्रम. मराठीत विधानाला शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार होतो, बाकी काही हलत नाही. त्याच सवयीने आपण 'एनीवन इज देअर?', 'एनीवन नोज?', 'एनीवन हॅज सीन माय कीज?' असं लिहितो. इंग्रजीत मदतनीस क्रियापद उचलून एनीवनच्या पुढे आणायचं: 'इज एनीवन देअर?', 'डज एनीवन नो?', 'हॅज एनीवन सीन माय कीज?' इंग्रज लोक आपसात बोलताना 'एनीवन नो अ गुड प्लंबर?' म्हणतात, तेव्हा त्यांनी 'डज' गाळलेला असतो. म्हणून तिथे 'नो' येतं, 'नोज' येत नाही. लिहिताना 'डज' ठेवाच.

सुरुवातीचं प्लंबरचं वाक्य आता दुरुस्त करू. जवळ असणं यासाठी 'इज हॅविंग' येत नाही, आणि क्रम बदलायचा आहे. 'डज एनीवन हॅव अ प्लंबर्स नंबर?' 'डज' आला की 'हॅज'चा 'हॅव' होतो, हे विसरू नका. 'डज एनीवन हॅज' ही चूक शिकलेली माणसंही करतात.

जर-तरची वाक्यंही याच टप्प्यात बसवा, कारण तिथेही अंदाज नसतो. 'कोणी आलं तर सांग' म्हणजे 'टेल मी इफ एनीवन कम्स'. 'येईल' असा भविष्यकाळ मनात असला तरी 'इफ'नंतर 'विल' लावू नका.

## टप्पा ४: नकार नाही, प्रश्न नाही: 'तरी' की 'ही'?

इथवर आलात म्हणजे वाक्य साधं, होकारार्थी आहे. आता शेपूट बघायचं.

'तरी' असेल तर समवन: 'कोणीतरी दार उघडं ठेवलंय', 'समवन हॅज लेफ्ट द डोअर ओपन'. माणूस एक आहे, तो खरोखर आहे, फक्त माहीत नाही. 'ही' असेल तर एनीवन: 'हे कोणीही करू शकतं', 'एनीवन कॅन डू धिस'. इथे माणूस ठरलेला नाही, ज्याला वाटेल तो. म्हणून होकारार्थी एनीवनच्या शेजारी बहुधा कॅन, कुड, मे, विल यांपैकी कोणी असतं. 'एनीवन केम' असं नुसतं लिहिलंत तर वाक्य लटकतं. घडून गेलेल्या गोष्टीत ज्याला वाटेल तो येत नाही, ठरावीक माणूस येतो. तिथे समवन.

'प्रत्येकजण', 'सगळे', 'जो तो' असेल तर एव्हरीवन.

'ज्याला यायचंय त्याने यावं' या वळणाला 'एनीवन हू' लागतो, आणि इथे 'त्याने' त्रास देतो. मराठीत जो-तो अशी जोडी लागते. ती जोडी इंग्रजीत नेली की 'एनीवन हू वॉन्ट्स टू कम, ही कॅन कम' असं होतं. 'ही' काढून टाका: 'एनीवन हू वॉन्ट्स टू कम कॅन कम'. मघाशी म्हटलेली सूट इथली आहे. एनीवनच्या मागे 'हू' किंवा 'विदाउट' लावून गट ठरवून दिला, की पुढे नॉट आलेला चालतो. 'एनीवन हू डझन्ट हॅव अ पास विल बी फाइन्ड' (म्हणजे दंड होईल), किंवा 'एनीवन विदाउट अ पास कॅनॉट एंटर'. नोटिसा आणि नियम लिहिणाऱ्यांना ही रचना रोज लागते.

तुलना करताना 'एल्स' विसरू नका. 'ती वर्गात सगळ्यांपेक्षा छान गाते' याचं 'शी सिंग्ज बेटर दॅन एनीवन इन द क्लास' केलंत तर ती स्वतःही त्या वर्गात आहे, म्हणजे ती स्वतःपेक्षा छान गाते असा अर्थ होतो. 'बेटर दॅन एनीवन एल्स इन द क्लास' लिहा. डिग्री बदलायच्या प्रश्नात 'दॅन एनी अदर' असं जे घोटून घेतलेलं असतं, त्यातला 'अदर' याच कारणाने आहे. फक्त ते कारण बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

'तो कोणी सोम्यागोम्या नाही' हे सांगायला इंग्रजीत 'ही इजन्ट जस्ट एनीवन' म्हणतात. 'जस्ट' महत्त्वाचा आहे, तो ठेवा.

आणि एक ठिकाण असं की जिथे मराठीवर बिनधास्त भरवसा ठेवावा. विशेषण 'कोणी'च्या मागे येतं: 'कोणी नवीन आलंय का?' इंग्रजीतही मागेच: 'हॅज एनीवन न्यू कम?' 'न्यू एनीवन' असं कधीच नाही.

## टप्पा ५: क्रियापद एकवचनी करा

'सगळे आले आहेत' हे मराठीत अनेकवचन. म्हणून हात आपोआप 'एव्हरीवन हॅव कम' लिहितो. या चारही शब्दांत शेवटी 'वन' बसलाय, त्याचंच ऐका: एव्हरीवन हॅज, एनीवन इज, समवन वॉन्ट्स, नो वन नोज. कितीही माणसं असोत. सूचनेत 'एव्हरीवन इज रिक्वेस्टेड' लिहा. 'आर' ठेवायचाच असेल तर शब्द बदला: 'ऑल ऑफ यू आर रिक्वेस्टेड'.

मध्ये अनेकवचनी नाम घुसलं तरी डगमगू नका. 'एव्हरी वन ऑफ द स्टुडंट्स इज प्रेझेंट' इथे क्रियापद 'वन'शी जोडलेलं आहे, 'स्टुडंट्स'शी नाही.

## टप्पा ६: मागून येणारं सर्वनाम

इथे लोक टप्पा ५ वाचून उलट्या दिशेला चुकतात. क्रियापद एकवचनी, पण मागून येणारं सर्वनाम दे, देम, देअर. 'कोणाचा फोन आला तर त्यांना थांबायला सांग', 'इफ एनीवन कॉल्स, आस्क देम टू वेट'. जुन्या व्याकरणांत 'हिम' आणि 'हिज' सापडेल, पण फोन करणारी बाई असू शकते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनविषयक नियमावलीने २०१९ च्या ७व्या आवृत्तीत एका माणसासाठी 'दे' वापरण्याला मान्यता दिली, त्यामुळे संशोधन-लेखनातही आता संकोचाचं कारण नाही.

मराठी माणसाला हे अवघड जायचं कारणच नाही, कारण आपणही हेच करतो, वेगळ्या वाटेने. 'कोणी आला का' किंवा 'कोणी आली का' असं न म्हणता आपण 'कोणी आलं का' म्हणतो. बाई की पुरुष माहीत नाही, म्हणून नपुंसकलिंग. इंग्रजीने त्याच अडचणीसाठी 'दे' घेतलं. मला हे साम्य फार आवडतं, आणि एकदा ते दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही.

'प्रत्येकाने आपापला डबा आणावा' यातलं 'आपापला' म्हणजे 'देअर ओन'. 'एव्हरीवन शुड ब्रिंग ओन टिफिन' यात 'देअर' गळलंय. 'ओन' एकटा उभा राहत नाही, त्याच्या पुढे देअर, माय, युअर असं कोणीतरी लागतंच. सहलीची सूचना आता अशी होईल: 'एव्हरीवन इज रिक्वेस्टेड टू ब्रिंग देअर ओन टिफिन'. क्रियापद 'इज', सर्वनाम 'देअर', दोन्ही एकाच वाक्यात, आणि दोन्ही बरोबर.

वाक्याच्या शेवटी 'हो ना?' जोडायचं असेल तर तिथेही 'दे': 'एव्हरीवन हॅज कम, हॅवन्ट दे?' नो वन असेल तर वाक्य आधीच नकाराचं आहे, म्हणून शेपटी होकारार्थी: 'नो वन कॉल्ड, डिड दे?'

मालकी दाखवताना 'कोणाचंतरी पाकीट' म्हणजे 'समवन्स वॉलेट'. 'दुसऱ्या कोणाचंतरी' असेल तर मालकीचा 'स' अगदी शेवटी 'एल्स'ला लागतो: 'समवन एल्सेस वॉलेट'. 'समवन्स एल्स' नाही.

## टप्पा ७: जोडून की तोडून

हा फक्त लिहिण्याचा टप्पा, पण स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर इथे दर वेळी मदत करतंच असं नाही, कारण एनीवन आणि एव्हरीवन यांची जोडलेली आणि तोडलेली दोन्ही रूपं खरी आहेत.

'नो वन' नेहमी तोडून. जोडून लिहिलेलं रूप चूक आहे. नोबडी मात्र जोडून.

एनीवन आणि एव्हरीवन यांच्यामागे 'ऑफ' आला की तोडा: 'एनी वन ऑफ यू', 'एव्हरी वन ऑफ देम'. वस्तूबद्दल असेल तरी तोडा. प्रश्नपत्रिकेत 'खालीलपैकी कोणताही एक प्रश्न सोडवा' याचं 'एनी वन ऑफ द फॉलोइंग' होतं, दोन शब्दांत. 'ईच अँड एव्हरी वन' हेही तोडून.

कानाने तपासायचं असेल तर मोठ्याने म्हणा. जोडून असेल तेव्हा जोर 'ए'वर पडतो. तोडून असेल तेव्हा 'वन'वरही जोर येतो, आणि मराठीत तिथे 'एक' हा शब्द ऐकू येतो: कोणताही एक. 'एक' ऐकू आला की तोडा.

## सराव

उत्तर झाकून ठेवा, टप्पे क्रमाने घ्या. 'काही', 'काहीतरी', 'काहीच' यांना हेच नियम समथिंग, एनीथिंग, नथिंग घेऊन लागतात, म्हणून एक वाक्य त्यातलंही घातलंय.

१. कोणाला गाडी चालवता येते का?
२. कोणालाच गाडी चालवता येत नाही.
३. मी कोणालाच ओळखत नाही इथे.
४. कोणीतरी माझी छत्री नेली.
५. ज्याला प्रश्न असेल त्याने हात वर करावा.
६. दोघांपैकी कोणीच फोन उचलला नाही.
७. तिने कोणाला काहीच सांगितलं नाही.
८. प्रत्येकाने आपापलं ओळखपत्र आणलंय.

उत्तरं:

१. 'कॅन एनीवन ड्राइव्ह?' शेवटी 'का', आणि 'कॅन' एनीवनच्या पुढे.
२. 'नो वन कॅन ड्राइव्ह.' 'कोणाला' असलं तरी इंग्रजीत गाडी चालवणारा तोच कर्ता.
३. 'आय डोन्ट नो एनीवन हिअर.' सुरुवात 'मी'पासून, म्हणून नकार क्रियापदाला.
४. 'समवन टुक माय अंब्रेला.'
५. 'एनीवन हू हॅज अ क्वेश्चन शुड रेझ देअर हँड.' मध्ये 'ही' नाही, 'हॅज' एकवचनी, 'देअर' मात्र आहेच.
६. 'नायदर ऑफ देम आन्सर्ड द फोन.' हे नो वन करून चुकवलं असेल तर टप्पा १ सुटला होता.
७. 'शी डिडन्ट टेल एनीवन एनीथिंग.' नकार एक, पुढे दोन्हीकडे एनी. 'शी टोल्ड नो वन एनीथिंग' हेही बरोबर, जरा जोर देऊन म्हटलेलं.
८. 'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर ओन आयडी कार्ड.'